काउंटीचा माणूस

मोज्यात चेंडू घालून तो मोजा बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगायचा आणि सकाळपासून बॅटने बडवत राहायचं, हे छत्तिशीतल्या माणसाचं काम नव्हे. पण माझ्या कौशिकला दुसरं काम उरलं नव्हतं. टक, टक, टक. चहाला आधण ठेवलं तरी टक, देवापुढे बसले तरी टक. वरच्या मजल्यावरच्या सादियाने दोनदा खाली येऊन विचारलं, आंटी, घरात सुतार लावलाय का? मी म्हटलं, नाही गं, फर्निचर जुनं झालंय, अजून किती टिकेल ते ठोकून बघतोय.

कौशिक माझा धाकटा. विलायतेत एका काउंटीकडून तेरा सीझन क्रिकेट खेळला. काउंटी म्हणजे आपल्याकडे जिल्हा असतो तसं, फक्त तिकडे जिल्ह्याची टीम म्हणजे नोकरीच असते. त्या काउंटीचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, मी आपली 'त्याची काउंटी' म्हणते. सप्टेंबरात सीझन संपला आणि त्यांनी त्याला रिलीज केलं. म्हणजे काय ते थोरल्या गुरुदत्तने मला समजावलं.

"सोडलं, आई. मोकळं केलं."

"दावणीचं जनावर सोडतात तसं?"

"तसंच समज."

"मग चरायला कुठे जाणार तो?"

गुरुदत्तने गाडीची किल्ली उचलली. तो इंजिनिअर आहे, इथे मस्कतमध्येच अल् खुवैरला ऑफिसात बसतो. त्याला पूल विचारावा, भाऊ विचारू नये.

कौशिक मस्कतला आला तो दोन बॅगा आणि ती क्रिकेटच्या सामानाची लांबडी पेटी घेऊन. दरवर्षी थंडीत यायचा तेव्हा पेटी तिकडेच ठेवून यायचा, बॅट तेवढी बगलेत. या वेळी पेटी आली तेव्हाच मी ओळखलं. खेळणारे लोक त्या पेटीला कॉफिन म्हणतात. यशश्री, गुरुदत्तची मुलगी, तिने मला कॉफिन म्हणजे काय ते सांगितलं, तर मी ती पेटी उंबऱ्यावरच अडवली. म्हटलं, या नावाने ती माझ्या घरात येणार नाही. शेवटी यशश्रीने तिचं नाव बदलून ट्रंक केलं आणि मग ती आत आली.

तेव्हापासून फोनची वाट बघणं चाललं होतं. कौशिकचा एक एजंट आहे, गोरा. स्थळं आणणारा मध्यस्थ असतो ना, तसलाच. त्याने सांगितलं होतं की दुसऱ्या एका काउंटीला सातव्या नंबरावर बॅटिंग करून दिवसाला दहा-बारा ओव्हर टाकणारा माणूस हवा आहे. बोलणी चालली आहेत, फोन करतो. झालं. फोन जेवताना ताटाशेजारी, अंघोळीला जाताना साबणाच्या जागी. रात्री पांघरुणात उजेड दिसायचा. सकाळी अझैबाच्या किनाऱ्यावर पळायला जायचा तर फोन दंडाला बांधून. आल्यावर सोफ्यावर बसला की उजवा पाय हलायला लागायचा. सगळा सोफा थरथरायचा, टीपॉयवरचं पाणी हलायचं.

"बसल्या जागी पाय हलवू नये," मी म्हणायचे. "घरातली लक्ष्मी जाते."

"लक्ष्मी सप्टेंबरातच गेली, आई."

"मग उरलीसुरली तरी राहू दे."

यशश्री तिच्या मराठीत म्हणाली, "आजी, काका खूप स्ट्रेस झाला आहे. त्याला ओरडू नको ना."

"मी ओरडत नाही. ओरडले असते तर खाली गाड्या थांबल्या असत्या."

सूनबाई किशोरी स्वयंपाकघरात हसली. ती माझ्यासमोर हसते कमी, पण हसते तेव्हा जागा बघून हसते.

आता ऑलराउंडर म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. माझा नवरा एकनाथ क्रेनचा फिटर म्हणून मस्कतला आला आणि दर शुक्रवारी वाडीतल्या खडकाळ मैदानावर खेळायचा. इकडे वाडी म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र. सिमेंटची पट्टी, वर हिरवी चटई ठोकलेली, बाकी सगळा खडा. मी पोरांना घेऊन चहाचा थर्मास आणि घावणे घेऊन जायचे. कौशिक तिथेच शिकला. ऑलराउंडर म्हणजे एकत्र कुटुंबातली मधली सून. थोरली मानाची, धाकटी लाडाची, आणि मधली? थोरली आजारी पडली तर चूल हिची, धाकटी माहेरी गेली तर धुणं हिचं. सगळं येतं म्हणून सगळं करायचं, आणि जेवायला पानं मांडली की हिचं पान दाराशी. माझ्या कौशिकला तेरा वर्षं त्यांनी असंच वापरलं. बॉलर दमले की याच्या हातात बॉल. संध्याकाळी अंधुक उजेडात कोणी बाद झाला की बड्या बॅट्समनला जपायला याला आत ढकलायचं. नाइटवॉचमन म्हणतात त्याला. आमच्या कोकणात गावच्या राखणदाराला निदान वर्षातून एक नारळ तरी देतात.

मी एकदा गेले होते बघायला. उन्हाळा म्हणे, आणि मी दोन स्वेटर घालून वर घोंगडं. बघायला पंधरा-वीस म्हातारे आणि एक कुत्रा. चार दिवस खेळले आणि शेवटी कोणीच जिंकलं नाही, तरी सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन खूश. त्या वर्षी कौशिकला काउंटीची टोपी मिळाली. तिथे टोपी पहिल्या दिवशी देत नाहीत, काही वर्षं राबल्यावर, तुम्ही आमचे झालात म्हणून सगळ्यांसमोर देतात. सातव्या सीझनला मिळाली. म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवत होते, हळूहळू, जसं कोणी झोपलंय आणि उठायला नको. शेजारचा एक म्हातारा मला वाकून काहीतरी म्हणाला. रात्री मी कौशिकला विचारलं.

"तो म्हणाला, युअर सन इज अ गुड काउंटी मॅन."

"म्हणजे?"

कौशिकने टोपी काढून उशाशी ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे इथपर्यंत चांगला. याच्या पुढे नाही."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही. खरं बोलला होता. पण खरं बोलायला माझ्याच शेजारी बसायची काय गरज होती?

तर, जैनुद्दीन. हा रत्नागिरीकडचा, कौशिकच्या बरोबरीचा. दोघं त्याच वाडीतल्या मैदानावर गुडघे फोडून घेत वाढले. आता तो एका टाइल्सच्या कंपनीत शोरूम सांभाळतो आणि कंपनीची क्रिकेट टीमही सांभाळतो. इथे मोठ्या कंपन्यांच्या टीम असतात. खेळणाऱ्याला कंपनीचा मालक, इकडे त्याला अर्बाब म्हणतात, नोकरीवर ठेवतो. सकाळी शोरूम, दुपारी जेवण, चारला नेट, शुक्रवारी मॅच. व्हिसावर सेल्समन, मैदानावर बॉलर. जैनुद्दीन त्या आठवड्यात आला तो चप्पल काढता काढताच बोलायला लागला.

"काकी, याला काहीतरी सांगा. अर्बाबला याचं नाव सांगितलंय मी. तो म्हणाला, काउंटीवाला आपल्याकडे येईल? मी म्हटलं, इन्शाल्ला. आता शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय, नाहीतर अर्बाब बाहेरून पोरगा आणणार."

"मी टाइल्स विकू?" कौशिक म्हणाला. पाय हलत होता.

"टाइल्स लोक घ्यायलाच येतात रे. तू फक्त उभा राहा, आणि कोणी बाथरूमच्या विचारल्या तर बेडरूमच्या दाखवू नकोस."

"फोन येणार आहे, जैनू."

"दीड महिना येतोय तो फोन. एवढ्यात माणूस चालत आला असता."

कौशिक उठला आणि बाल्कनीत गेला. टक, टक, टक. जैनुद्दीन माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही राहा म्हणा ना काकी. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "चहा घे."

मी कोणाला थांब म्हणत नाही. एकनाथ गल्फला निघाला तेव्हा म्हटलं नाही, हा अठराव्या वर्षी विलायतेला निघाला तेव्हा म्हटलं नाही. थांब म्हणायचं आणि माणूस थांबला नाही, तर तोंड कुठे ठेवायचं? त्यापेक्षा जातोयस तर जा, दार लावून जा. पण हा राहावा असं मला वाटत होतं. एवढं वाटत होतं की रात्री पाणी प्यायला उठले की आधी त्याची ट्रंक जागेवर आहे का ते बघायचे. आणि दुसरीही गोष्ट मला दिसत होती, जी तो एजंटला सांगत नव्हता. जिना उतरताना तो आडवा उतरायचा, एकेक पायरी, कठड्याला धरून. मला बघितलं की सरळ उतरायचा आणि दात दाबून धरायचा.

शुक्रवारी कंपनीची दोन-अडीच तासांवरच्या सूरला, समुद्रकाठच्या गावी, मॅच होती, मैत्रीची. त्यांचा एक माणूस आजारी पडला. जैनुद्दीनने फोन केला, कौशिक नाही म्हणाला. मी फोन हातातून घेतला.

"किती वाजता निघायचंय? मलाही सूरला जायचंय. तिथला ताजा मासा हवा."

"आई, मासा इथे खाली मिळतो."

"इथला मासा सोहारहून बर्फात झोपून येतो. तू खेळ किंवा नको खेळू, मला ने."

मासा निमित्त होतं. घरात आणखी एक दिवस ती टकटक ऐकली असती तर मी तो मोजा कापला असता.

नऊला निघालो. जैनुद्दीन गाडी चालवत होता, कौशिक पुढे, मी मागे ट्रंकेच्या शेजारी. डोंगर उघडे, तांबडे, मग कुरियात, मग समुद्र. कौशिकने वाटेत फोन किती वेळा उघडून पाहिला ते मी मोजलं नाही, पण जैनुद्दीन शेवटी म्हणाला, "त्याला झोपू दे रे जरा, दमला असेल." सूरला पोचलो, मी बाजारातून सुरमई घेतली, पोरं नमाजाला गेली, परत आली, बिर्याणी झाली. मैदान समुद्राजवळ, खडा तोच, चटई तीच, कडेला बकऱ्या. पलीकडे लांबवर लाकडी जहाजाचा सांगाडा उभा. कौशिक मैदानाच्या मधोमध जाऊन चटईवर वाकला आणि खिळा बोटाने दाबून बघितला. त्याचे वडीलही असंच करायचे. ते त्याने मुद्दाम केलं नाही, म्हणून मी बघत राहिले.

मग तो माझ्याकडे आला आणि फोन माझ्या हातात दिला.

"ठेव."

दीड महिन्यात पहिल्यांदा तो फोन त्याच्या हातातून सुटला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तिकडे मॅचच्या सकाळी सगळ्यांचे फोन काढून घेतात," तो म्हणाला. "पेटीत टाकतात, कुलूप लावतात. संपेपर्यंत हात लावायचा नाही. बेटिंगवाल्यांच्या भीतीने."

"इथे कोण लावणार बेट?"

"सवय आहे, आई."

दोनला मॅच सुरू झाली. सूरच्या पोरांनी बॅटिंग घेतली. कोणी मासळीच्या कंपनीतला, कोणी वायरमन, दोघं ओमानी भाऊ. अंपायर म्हणून तौहीद, त्याचं सूरमध्येच टेलरिंगचं दुकान. मी गाडीत एसी लावून, दार उघडं ठेवून बसले. पर्स मांडीवर, पर्समध्ये फोन. कौशिकने बॉल घेतला. इंग्लंडात हिरवळीवर तो धावत यायचा तेव्हा मांजरासारखा यायचा. इथे बूट खड्यावर कर्रकर्र वाजत होते. तरी बॉल पडायचा तिथेच पडत होता. पोरं चाचपडत होती. ती पोरं त्याच्याकडे बघत होती, बॉलकडे नाही, आणि म्हणून बाद होत होती.

त्याची तिसरी ओव्हर चालली असेल, पर्स थरथरली.

मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. चव्वेचाळीस. विलायतेचे फोन चव्वेचाळीसने सुरू होतात, एवढं त्या महिन्यात घरातल्या झुरळालाही कळलं होतं.

आता बाहेर बसलेल्या बाईने काय करावं? वाजू द्यावा. वाजून वाजून बंद झाला असता आणि मला हवं तेच झालं असतं. कोणी मला दोष दिला नसता, म्हातारीला फोन उचलता आला नाही म्हणाले असते. हे सगळं एका क्षणात माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या पोराचा फोन मी पर्समध्ये कोंडून मारायचा, आणि तो राहिला तर तो मारलेल्या फोनमुळे राहिला? असला मुलगा मला नको होता. मी उतरले, पदर खोचला आणि सरळ मैदानात चालायला लागले.

मैदानात पाऊल टाकणारी बाई त्या पोरांनी कधी पाहिली नसावी. जैनुद्दीन मिड-ऑनवरून धावत आला.

"काकी, आत कुठे? बॉल लागेल."

"लागला तर लागला. बाजूला हो."

तौहीदने हात आडवा केला. "अम्मा, ओव्हर चल रही है."

"बेटा, फोन भी चल रहा है."

कौशिक रनअपच्या टोकाला उभा होता, बॉल हातात. मी फोन पुढे केला. त्याने बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले, जसा निखारा पुढे केलाय.

"आई, मॅच चालू आहे."

"चव्वेचाळीस आहे."

"दिसतंय."

"अरे, याच्यासाठी दीड महिना घर डोक्यावर घेतलंस."

"मॅच चालू असताना फोनला हात लावायचा नाही."

"कोण बघतंय? बकऱ्या?"

त्याने बॉल पाठीमागे घट्ट धरला. घाम हनुवटीवरून गळत होता. फोन माझ्या हातात वाजत होता, वाजत होता. बॅट्समन बॅटला टेकून मजा बघत होता. मला वाटतं, तेरा वर्षांची सवय खरी, पण त्या घडीला तो नियम त्याला बराही वाटला असेल. हात मागे बांधलेल्या माणसाला काही उचलावं लागत नाही.

"मग मी काय बोलू?" मी विचारलं.

"सांग, खेळतोय."

मी हिरवं दाबलं. पलीकडे गोरा भराभर बोलायला लागला. मी त्याला बोलू दिलं, मग माझ्याकडे होतं तेवढं इंग्रजी दिलं.

"हॅलो. कौशिक प्लेइंग. लेटर."

तो थांबला. मग काहीतरी म्हणाला, त्यातलं थँक यू मला कळलं. मी बंद केलं आणि फोन पर्समध्ये टाकून परत निघाले. मागून सूरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं नाही, तशी सवय लावू नये.

पुढचाच बॉल त्या वायरमन पोराने कौशिकच्या डोक्यावरून सरळ बकऱ्यांत मारला. सिक्स. आणि कौशिक हसला. पोट धरून हसला. तिकडच्या मैदानावर सिक्स बसल्यावर तो हसताना मी पाहिला नव्हता, तिकडे तो लगेच बूट बघायचा.

मध्यंतर झालं. आता फोन घेईल, म्हणून मी पर्स उघडून बसले. तो आला, पाणी प्यायला, आणि पॅड बांधायला लागला. मी फोन दाखवला, त्याने मान हलवली. संपेपर्यंत.

"सातवर जातो," तो जैनुद्दीनला म्हणाला.

जैनुद्दीन त्याच्याकडे बघतच राहिला. "सातवर? टीममध्ये सात नंबरवर आमचा ड्रायव्हर खेळतो. तू तीनवर."

"मी सातवर खेळतो."

"खेळत होतास. इथे तुझ्यापेक्षा चांगला कोण आहे ते दाखव, त्याला तीनवर पाठवतो."

कौशिकने एका पॅडचा पट्टा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. तेरा वर्षांत कोणी त्याला वर ये म्हटलं नव्हतं. खाली जा, थांब, बॉलर दमलेत, उजेड कमी आहे, तू जा. मधल्या सुनेला आधी तू बस म्हटलं तर तिला घास उतरत नाही, तसं त्याचं झालं होतं. पण गेला. चाळीसच्या आसपास रन केले. दोन धावता धावता दुसऱ्याला लंगडला, ते मी पाहिलं, जैनुद्दीननेही पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मॅच हरलो. सांगायला लाज नाही, ड्रायव्हरच्या हातून कॅच सुटला होता.

ऊन कलल्यावर कौशिकने हात पुढे केला. मी फोन दिला. तो मैदानाच्या कडेला गेला, जहाजाच्या सांगाड्याकडे तोंड करून उभा राहिला. मला पाठ दिसत होती. पाठीवरून मला पोरांचं सगळं कळतं. आधी ताठ होती. मग एक हात कमरेवर गेला. मग तो खड्याला बुटाने उकरायला लागला. मी माशांच्या टोपलीत बर्फ टाकत होते, किती टाकला देव जाणे, सुरमई थिजून दगड झाली.

तो परत आला. जैनुद्दीन गाडीची किल्ली हातात फिरवत उभा होता.

"जानेवारीत या म्हणतात," कौशिक म्हणाला. "दोन आठवडे. ट्रायल."

"ट्रायल म्हणजे?" मी विचारलं.

"बघतील. गुडघा, फिटनेस, बॉलिंग. मग ठरवतील. आणखी दोघं आहेत, एक बावीस वर्षांचा."

"तेरा वर्षं बघितलं ना?"

"ते दुसऱ्या काउंटीने."

"मैदान तर तेच? चेंडू तोच? का तिकडे दर जिल्ह्याचा सूर्य वेगळा?" माझं तोंड सुटलं ते सुटलं. "दोन लेकरांच्या आईला पुन्हा चहा-पोहे घेऊन दाखवायला बसवतात का कुठे? चालून दाखव, केस सोडून दाखव? आणि शेजारी बावीस वर्षांची बसवलेली."

जैनुद्दीनला हसू आलं, त्याने खोकला काढला. कौशिक हसला नाही. ट्रंक उचलून गाडीत ठेवली आणि पुढे जाऊन बसला.

निघालो. समुद्र डाव्या हाताला होता तो उजव्या हाताला आला. जैनुद्दीनने एसी वाढवला, परत कमी केला. मग जैनुद्दीन म्हणाला, "मला आज अर्बाबला सांगायचंय. तू म्हणालास तर जानेवारीपर्यंत विचारून बघतो, पण तो अर्ध्या सीझनला माणूस घेणार नाही. मी तुला अडवत नाही."

"माहीत आहे."

मग कौशिक मागे वळला. पूर्ण वळला, सीटवरून, पट्टा गळ्यात रुतेपर्यंत.

"आई, तू काय म्हणतेस?"

माझ्या घरात मला कोणी विचारत नाही. विचारायच्या आधीच मी सांगून मोकळी झालेली असते. गुरुदत्तने घर घेतलं, मी सांगितलं. किशोरीने केस कापले, मी सांगितलं. आणि आता हा विचारत होता, तर माझ्या तोंडात जीभ नव्हती. बाहेर बघितलं तर नुसता डोंगर.

"मी का सांगू?" मी म्हटलं. "तुझा गुडघा, तुझी काउंटी."

"सांग म्हणून विचारतोय. मला ट्रायल दे असं म्हणालीस तर देईन. तू इतकं बोललीस, चहा-पोहे काय, सूर्य काय. पण ते त्यांच्याबद्दल बोललीस."

"मग?"

"तुला काय हवंय ते नाही बोललीस."

जैनुद्दीन रस्त्याकडे इतका टक लावून बघत होता, जसं तिथे कोणी लग्नाची पत्रिका लिहून ठेवलीय.

एकनाथ पहिल्यांदा गल्फला निघाला तेव्हा एसटीच्या पायरीवर उभा राहून असाच वळून बघत होता. तेव्हा मी म्हटलं होतं, सुट्टीत येताना साबण आण. त्याला जायचंच होतं, म्हणून साबणावर भागलं. याने विचारलं होतं.

"राहा," मी म्हटलं.

तो बघत राहिला. आणखी काही येतंय का, बघत असावा.

"झालं ना? बोलले. पुढे बघ, मान अवघडेल."

तो पुढे वळला. फोन काढला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. पुसायचा, परत लिहायचा. मी मागून बघत होते, वाचता येत नव्हतं, पण लांब नव्हतं. शेवटी अंगठा दाबला आणि फोन पालथा मांडीवर ठेवला.

"सकाळी किती वाजता?" त्याने जैनुद्दीनला विचारलं.

"साडेसात." जैनुद्दीनचा आवाज जरा चढला, मग त्याने तो आवरला. "आधी साइज पाठ करावे लागतील. साठ बाय साठ, साठ बाय एकशेवीस."

"गुडघा फार ओव्हर नाही खेचणार, जैनू. आजच सांगतो."

"चार टाक. बाकीच्या मी ड्रायव्हरकडून टाकून घेतो."

"त्याला आधी कॅच शिकव," मी म्हटलं.

मासे मागे बर्फात सरकत होते, ट्रंक त्यांना खेटून होती, तिला वास लागणार होता. लागू दे. थोड्या वेळाने पुढे डॅशबोर्ड थरथरायला लागला. मी वाकून बघितलं. उजवा पाय.

"पाय हलवू नकोस," मी म्हटलं.

थांबवला त्याने. कुरियातचे दिवे लागेपर्यंत थांबला होता. मग परत सुरू झाला.